गाडीत जागा आहे का?

मोटार लहान चांगली की मोठी, हा प्रश्न दिसायला यंत्रशास्त्राचा आहे. गॅरेजसमोरच्या बाकावर चहाचा कप हातात घेऊन त्यावर तासभर वाद घालता येतो, आणि वाद संपला म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या घरी विजयी मुद्रेने जातात. पण आमच्या जतकडे या प्रश्नाला एक निराळे अंग आहे. येथे गाडीची थोरवी पूर्वी ‘किती माणसं बसतात?’ या प्रश्नाने मोजली जात असे. आता ती ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाने मोजली जाते. पहिल्या प्रश्नात गाडी किती जणांना पोटात घेते याची चौकशी होती. दुसऱ्यात ती मालकाच्या खिशाला किती सांभाळते याची आहे. एवढ्यावरून जुने लोक उदार आणि नवे लोक हिशेबी असा निकाल देऊन मोकळे होता येईल. तसा निकाल देणारी माणसे आमच्या गावात पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी माझ्याच वयाची आहेत. मला मात्र हा निकाल इतका सोपा वाटत नाही. या लहान-मोठ्याच्या वादात नीतीचा एक खरोखरीचा प्रश्न दडलेला आहे. दिवाळीच्या सवडीत तो वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आले.

ज्यांनी जत पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. डफळ्यांचे हे जुने संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. तालुका आधी दक्षिण सातारा जिल्ह्यात होता. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले. क्षेत्राने महाराष्ट्रातल्या मोठ्या तालुक्यांत याची गणना होते. पावसाच्या बाबतीत मात्र निसर्गाने हात आखडता घेतलेला आहे. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत माळ, मध्ये बाभळी, कुठे डाळिंबाची किंवा द्राक्षांची बाग, आणि पूर्वेला गेले की मराठीच्या जोडीला कानडी. रेल्वेच्या नकाशावर ‘जत रोड’ नावाचे एक स्टेशन आहे. त्यातला ‘रोड’ हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. स्टेशन जतला नाही, जतच्या वाटेवर आहे. गाव तेथून कित्येक मैल दूर! अशा मुलखात माणसाचा अर्धा प्रवास रस्त्याला लागण्यातच होतो. वाडीतून चालत फाट्यावर यायचे आणि तेथे लिंबाच्या सावलीत उभे राहायचे. एस.टी. आली तर एस.टी., नाही तर वडाप. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे की, वडाप म्हणजे माणसे भरली की सुटणारी जीप. ‘भरली’ या शब्दाचा तेथील अर्थ फार व्यापक आहे. आणि वडापही आले नाही, तर येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारीला हात करायचा आणि काच खाली झाली की विचारायचे, ‘‘जागा हाय का वो?’’

या तीन-चार शब्दांच्या प्रश्नाला मोठी गाडी एक उत्तर देत असे. लहान गाडी दुसरे देते.

मोठी गाडी म्हणजे आमच्या पिढीला ॲम्बॅसडर. तिच्या आधीच्या पिढीने याहून अगडबंब अमेरिकन गाड्या पाहिल्या होत्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लीमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्याच वालचंदांचे नाव १९५५ पासून आहे. आमच्या जिल्ह्यातली कित्येक मुले यंत्राची मुळाक्षरे तेथे गिरवून आली. पण डॉज-प्लीमथ ही संस्थानिकांची आणि कारखानदारांची वाहने. सामान्य माणसाच्या डोळ्यांत भरली ती ॲम्बॅसडर. मुळात ती इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. विलायतेत ती मध्यम कुटुंबाची मध्यम गाडी होती. आमच्याकडे आली आणि थोर झाली! कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. लांबी साधारण ४.३ मीटर, पत्रा जाड, छप्पर गोल आणि उंच. फेटा बांधलेल्या माणसालाही मान वाकवावी लागू नये असे.

परंतु तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या गाद्यांत होते. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये पुढची बैठक सलग असे, घरातल्या बाकासारखी. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली असल्यामुळे मध्ये अडथळा नसे. सलग गादीला बसणाऱ्यांची संख्या नसते. तिथे कोणाची म्हणून खूण केलेली जागा नाही, म्हणून नवीन माणूस आला की आधीच्यांनी सरकायचे, एवढाच नियम. माझ्या मामांचे जतेत आडतीचे दुकान होते. त्यांच्याकडे अशी एक गाडी जुन्यात घेतलेली होती. दानम्मादेवीच्या दर्शनाला गुड्डापूरला जायचे म्हणजे आम्ही नऊजण घरून निघत असू आणि वाटेत दोघे वाढून अकरा होत असू. मागे चार मोठी माणसे, त्यांच्या मांडीवर तीन पोरे; पुढे मामा, त्यांच्या शेजारी दोन पाहुणे आणि दाराला टेकून मी. फाट्यावर कोणी हात केला की मामा गाडी थांबवीत आणि मागे न बघताच म्हणत, ‘‘सरका जरा. या की हो, बसा की.’’ ‘जागा नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही. रात्री-अपरात्री कोणाला मिरजेच्या इस्पितळात न्यायचे झाले, तर तीच मागची गादी खाट होत असे. रोग्याला आडवे निजवून त्याचे डोके मांडीवर घेऊन बसता येत असे. मामांना उदार म्हणून तालुक्यात मान होता, आणि त्या मानात गाडीच्या गादीचा वाटा पुष्कळ होता.

आता लहान गाडीकडे वळू. तिची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९५६ मध्ये सुएझच्या लढाईमुळे युरोपात पेट्रोलची टंचाई झाली, आणि त्यातून १९५९ मध्ये इंग्लंडात ‘मिनी’ जन्माला आली. ॲलेक इसिगोनिस या तिच्या रचनाकाराने इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवली आणि जेमतेम तीन मीटरांच्या गाडीत चार माणसांना ऐसपैस बसवले. यंत्राने कमी जागा घ्यावी आणि माणसाला जास्त द्यावी, हा तिच्यामागचा विचार होता. तेच आडवे इंजिन पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी स्वीकारले. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि शिक्षक, कारकून, तलाठी यांच्या दारात मोटार उभी राहण्याचे दिवस आले. गमतीची गोष्ट अशी की, मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ मध्येच थांबले. मोठी आणि लहान, दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. त्यांचे वाद मात्र आम्ही अजून चालवीत आहोत.

आज ‘लहान’ म्हणजे किती हे आपल्या देशात कायद्याने ठरते. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरांच्या आतली आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाची गाडी लहान मानून तिच्यावर कर कमी ठेवला गेला. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के, आणि तिच्याहून मोठीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणून कारखानदार गाडीला चार मीटरांच्या रेषेच्या अलीकडे आणण्यासाठी तिची शेपटी आखूड करतात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण सरकारने मीटरमध्ये लिहून दिली आहे, असे म्हटले तरी चालेल!

या लहान गाडीत सलग गादी नाही. मागे बाक दिसते, पण त्यावर तीन पट्टे आहेत. म्हणजे तीन माणसे. पुढे दोन स्वतंत्र खुर्च्या. पट्टा लावला नाही तर गाडी टिंगटिंग वाजून तक्रार करते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न लावण्याचा दंड एक हजार रुपये आहे, आणि मुलांना सुरक्षित बसवण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर आहे. पाच म्हणजे पाच. सहावा माणूस म्हणजे नियमभंग.

माझा पुतण्या शिक्षक आहे. त्याने अशी गाडी हप्त्यांवर घेतली आहे. मागच्या उन्हाळ्यात तो, त्याची बायको, दोन मुले आणि मी असे पाचजण सांगलीहून जतला येत होतो. भर दुपारी एका फाट्यावर एक म्हातारे गृहस्थ आणि कडेवर तान्हे मूल घेतलेली त्यांची लेक उभी होती. म्हाताऱ्यांनी हात केला. पुतण्याने गाडी थांबवली, काच खाली केली. तोच प्रश्न आला, ‘‘जागा हाय का वो?’’

‘‘आजोबा, गाडी भरलीया बघा. थांबा, मागनं वडाप येतंय का इचारतो,’’ असे म्हणून त्याने ओळखीच्या एका वडापवाल्याला फोन लावला. वडाप अर्ध्या तासाच्या अंतरावर होते. पाण्याची बाटली त्या लेकीच्या हाती देऊन आम्ही पुढे निघालो.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मी म्हणालो, ‘‘बाबा रे, आम्ही सरकलो असतो की. पोरांना मांडीवर घेतलं असतं.’’

तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘‘काका, घेतलं असतं. पण पट्टा कुणाचा काढायचा, ते तुम्ही सांगा. धाकटीचा?’’

त्याच्या स्वरात उर्मटपणा नव्हता. ज्या रस्त्यावरून आम्ही चाललो होतो त्यावर मागचा दिवा नसलेले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर हंगामात रात्री कसे धावतात, हे त्याला माहीत होते आणि मलाही. त्याच्या त्या प्रश्नाने आमच्या दोघांच्या पिढ्यांमधला वाद एकदम नेमका झाला. फाट्यावरच्या मुलाला उन्हातून सावलीत घ्यायचे, तर गाडीतल्या मुलीच्या खांद्यावरचे रक्षण काढायचे! उदारपणाची किंमत कोणाच्या नावावर लिहायची, असा तो प्रश्न होता.

मोठ्या गाडीचे भक्त यावर म्हणतील, ‘‘हे सगळे नव्या पत्र्याच्या डब्यांचे दुखणे. जुनी गाडी म्हणजे रणगाडा होता. तिला काय होत होते?’’ हा समज आमच्याकडे इतका पक्का आहे की, त्याची शहानिशा झालेली आहे हे सांगितले पाहिजे. अमेरिकेत रस्त्यावरील सुरक्षिततेचा अभ्यास करणारी विमा कंपन्यांची एक संस्था आहे. २००९ मध्ये तिने आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या, प्रत्येकी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने, समोरासमोर एकमेकींवर आदळवल्या. बेल एअर ही सव्वापाच मीटरांहून लांब, भरदार, पोलादी गाडी. मालिबू तिच्यापुढे आखूड. पाहणाऱ्यांनी जुनीवर पैज लावली असती. पण जुनीची चालकाची कोठी पार चेपली. तिच्यात बसवलेला पुतळा माणूस असता तर जागच्या जागी मेला असता. नवीचे नाक चुरडून गेले, पण आतली कोठी शाबूत राहिली. तिच्यातल्या माणसाला पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले असते.

यामागचे तत्त्व मोठे अर्थपूर्ण आहे. टक्कर झाली की धावत्या गाडीची शक्ती कुठे तरी जिरलीच पाहिजे. गाडीचा पत्रा वाकायला तयार नसेल, तर ती आतल्या माणसाच्या बरगड्यांत जिरते. बेला बारेनी या मर्सिडीज-बेंझच्या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी हे ओळखले आणि गाडीचे पुढचे व मागचे अंग ठरवून मोडेल, मधले मात्र टिकेल अशी रचना मांडली. मामांच्या गाडीला एकदा बैलगाडीची धडक बसली, तर गाडीवर ओरखडासुद्धा उठला नाही, याचे घरात केवढे कौतुक झाले होते! गाडीने मोडू नये हा जुन्यांचा अभिमान होता. नव्यांचा विचार असा की, गाडीने मोडावे आणि माणसाने उरावे. या दुसऱ्या विचारात मला अधिक माणुसकी दिसते.

मग मामांच्या औदार्याचे काय करायचे? ते खोटे होते का? मुळीच नाही. ते मनापासून होते. पण त्याचा नीट हिशेब मांडला, तर काही नोंदी दिसतात. पहिली नोंद अशी की, मामा गाडी थांबवीत, पण सरकत इतर लोक. मागच्या गादीवर चार बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असत. पुढे पुरुष त्या मानाने ऐसपैस. ‘सरका जरा’ हा हुकूम नेहमी मागच्या गादीला असे. दुसरी नोंद, जी जोखीम होती ती दाराला टेकलेल्या मुलाची आणि मांडीवरच्या पोरांची होती, आणि ती त्यांना कोणी विचारली नव्हती. तिसरी नोंद, गावात गाडी एकच होती. जो बसे तो उपकाराखाली बसे. आडतीच्या दुकानात मालाचा भाव ठरताना तो उपकार कोणी बोलून दाखवीत नसे. पण तो सर्वांना आठवत असे. लहान गाडीने ही मिंधेपणाची गोष्ट पुष्कळ कमी केली. ज्याच्या वडिलांनी कोणाच्या तरी गाडीला हात केला, तो आज स्वतःच्या गाडीत बायको-मुलांना घेऊन जातो. कोणापुढे वाकावे लागत नाही, हीही एक ऐसपैस जागाच आहे.

एवढे म्हटल्यावर लहान गाडीची वकिली पूर्ण झाली असे वाटेल. पण तिचीही उलटतपासणी घ्यायला हवी. पहिली गोष्ट, लहान गाडी सुरक्षित असते असे नव्हे. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांची टकरीची परीक्षा घेतली. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या रक्षणासाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक झाले, हवेच्या पिशव्या आल्या, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. तरीही पदार्थविज्ञान कोणाची भीड धरीत नाही. हलकी गाडी जड गाडीवर आदळली की हलकीला अधिक सोसावे लागते. तेव्हा आपल्या रक्षणासाठी प्रत्येकाने मोठी गाडी घ्यावी, असा जो नवा सूर शहरांतून ऐकू येतो, त्याचा अर्थ एवढाच की, धोका आपल्या दारातून उचलून शेजाऱ्याच्या दारात ठेवायचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माझा पुतण्या गाडी भरलेली असताना नाही म्हणाला. पण त्या दुपारी आमच्या आधी त्या फाट्यावरून किती गाड्या गेल्या असतील? आणि त्यांत किती जागा रिकाम्या असतील? एकदा जतच्या नाक्यावर चहा पीत बसून मी सहज मोजले. ज्या गाड्या गेल्या त्यांत निम्म्याहून अधिकांत एक किंवा दोनच माणसे होती. पाच जागांची गाडी, चार रिकाम्या, काचा वर, आत थंड हवा, आणि नजर समोर. त्या गाडीत पट्ट्याची अडचण नाही, दंडाची भीती नाही. पट्टे चार शिल्लक आहेत! सहाव्याला मनाई करणारा नियम दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या माणसाविषयी एक शब्दही बोलत नाही. तेथे ‘नाही’ म्हणणारा आपणच असतो, आणि नाव मात्र गाडीच्या लहानपणाचे होते.

माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म येथे आहे. मोठ्या गाडीत द्यायचे की नाही हे ठरवावेच लागत नव्हते. सलग गादीला संख्या नव्हती, म्हणून नकाराला आधार नव्हता. औदार्य आपोआप घडत असे. लहान गाडीने जागा मोजून दिली, आणि मोजून दिल्याबरोबर ठरवण्याचा भार आपल्यावर टाकला. जुन्या वाड्याला ओसरी होती. वाटसरू न विचारता टेकत असे आणि घरच्यांना त्याचे पुण्य फुकट मिळत असे. नव्या घराला घंटी आहे. दार उघडायचे की नाही हे प्रत्येक वेळी मनाला विचारावे लागते. म्हणून आपण जुन्यांहून कंजूष झालो असे होत नाही. पण जे पूर्वी गादी करीत होती ते आता आपल्याला करावे लागते, आणि ते आपण बहुतेक वेळा करीत नाही, एवढे खरे.

आकाराचा आणि औदार्याचा संबंध किती कच्चा आहे, याची साक्ष आमचे जत रोड स्टेशनच देईल. आज तेथून मोठ्या रुळांवरची गाडी जाते. पण पूर्वी मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी हा मार्ग बार्शी लाईट रेल्वेचा होता. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. दुरून पाहिले तर पोरांनी खेळायला मांडलेली आगगाडी वाटावी! पण आषाढी-कार्तिकीला या इवल्या गाडीने पंढरीचे वारकरी वर्षानुवर्षे वाहून नेले. तिच्याहून लहान गाडी आमच्या भागात दुसरी नव्हती, आणि तिच्याइतके प्रवासी कोणत्याही डॉज-प्लीमथने नेले नाहीत. जी जागा सर्वांची असते ती लहान असली तरी पुरते. म्हणून जो खरोखर फाट्यावरच्या माणसाचा विचार करील, त्याने आधी वेळेवर येणाऱ्या एस.टी.चा विचार करावा. उन्हातल्या म्हाताऱ्याचे घरी पोचणे हे कोणा मोटारवाल्याच्या मर्जीवर टांगलेले असावे, यात भूषण काही नाही. मग तो मोटारवाला माझ्या मामांसारखा का असेना.

एक आक्षेप उरतो, आणि तो स्त्रियांकडून येतो. अनोळखी माणसाला गाडीत घेणे आज सुरक्षित आहे का? एकटी बाई गाडी चालवीत असेल, तर तिने थांबू नये, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. रात्रीची वेळ असेल, मनात शंका असेल, तर कोणीही थांबू नये. पण आमच्यासारख्या मुलखात दिवसाउजेडी फाट्यावर उभा असलेला माणूस बहुधा अनोळखी नसतो. त्याचे गाव माहीत असते, आडनाव विचारले की नाते निघते. आपण त्याला ओळखत नाही याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, काच वर आहे.

तेव्हा मी स्वतःपुरता एक साधा हिशेब ठरवून टाकला आहे. सहाव्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क गाडीला आहे, आणि तो मी मानतो. कारण ज्याला आपण आत घेतो त्याला सांभाळण्याची ताकद आपल्याकडे असली पाहिजे. जे सांभाळता येणार नाही ते देणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे. परंतु हा हक्क ज्याने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या माणसाला ‘या, बसा’ म्हटले आहे, त्याचाच आहे. रिकाम्या गाडीला तो नाही. आणि ‘नाही’ म्हणायचेच झाले, तर ते थांबून, काच खाली करून, माणसाच्या तोंडाकडे पाहून म्हणावे. पुतण्याने फोन लावला, पाण्याची बाटली दिली. तेवढ्याने ऊन काही कमी झाले नाही. पण त्या म्हाताऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, आणि ते एका माणसाने दिले.

या सगळ्यात मला एका गोष्टीचे फार नवल वाटते. सहाव्याला बाहेर ठेवणारा हा तीन टोकांचा पट्टा निल्स बोहलिन नावाच्या अभियंत्याने स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीसाठी केला, तोही १९५९ सालीच. त्याचे पेटंट कंपनीकडे होते. इतरांकडून तिला भरपूर पैसा मिळवता आला असता. पण तिने तो सर्व कारखानदारांना वापरायला मोकळा ठेवला. म्हणून आज माझ्या पुतण्याच्या हप्त्यांवरच्या गाडीतही तो आहे, आणि धाकटी त्याच्या आधाराने मागे झोपी जाते. मोजून जागा देणारी ही वस्तू मुळात न मोजता दिली गेली. हिशेब आणि औदार्य यांचे असेही जमते.

दिवाळीत पुण्या-मुंबईहून, सोलापूर-कोल्हापूरहून आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. डिकीत फराळाचे डबे, मागच्या काचेला टेकवलेला आकाशकंदील, आत पोरांचा कालवा. बहुतेक गाड्या चार मीटरांच्या आतल्याच असतात. ज्या भरलेल्या असतील त्यांनी पट्टे लावून सावकाश जावे. फाट्यावरची माणसे त्यांना काही म्हणणार नाहीत. पण एखाद्या गाडीत मुलगा एकटाच गावी निघालेला असेल आणि मागची बैठक मोकळी असेल, तर त्याने फाटा आला की वेग थोडा कमी करावा. तिथे बहुधा कोणी तरी पिशवी घेऊन उभे असते, आणि त्यालाही दिवाळीला घरीच जायचे असते.